लव्ह कॅनाल : वर्गात कोणती गोष्ट सांगायची?

पर्यावरणावरच्या पाठ्यपुस्तकांत आणि माहितीपर पुस्तकांत लव्ह कॅनालची हकीकत बहुधा एका चौकटीत भेटते. अमेरिकेतील एका रसायन कंपनीने जुन्या कालव्यात विषारी कचरा पुरला, त्याला लागून शाळा व घरे झाली, मुले आजारी पडू लागली, एका गृहिणीने आवाज उठवला, सरकारला वस्ती हलवावी लागली आणि अखेर जागा स्वच्छ करण्यात आली. पाच-सहा ओळी आणि खाली एक प्रश्न : ‘यावरून तुम्ही काय शिकलात?’

या ओळींपैकी शेवटची, जागा स्वच्छ झाल्याची, बरोबर नाही. मधली, मुले आजारी पडल्याची, ज्या ठामपणे सांगितली जाते तितक्या ठामपणे कधीच सिद्ध झाली नाही. आणि तरीही वस्ती हलवली ते योग्यच झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात हे समजून घ्यायचे तर चौकट बाजूला ठेवून मूळ लिखाणाकडे जावे लागते. या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले चार दस्तऐवज आम्ही येथे तपासायला घेतले आहेत : लोईस गिब्ज यांचे आत्मकथन ‘लव्ह कॅनाल : माय स्टोरी’ (१९८२), समाजशास्त्रज्ञ ॲडलिन लेव्हीन यांचे ‘लव्ह कॅनाल : सायन्स, पॉलिटिक्स अँड पीपल’ (१९८२), ‘रीझन’ मासिकात फेब्रुवारी १९८१ मध्ये आलेला एरिक झूस यांचा कंपनीची बाजू मांडणारा दीर्घ लेख, आणि न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी नेमलेल्या लुईस थॉमस समितीचा ऑक्टोबर १९८० चा अहवाल.

आधी जमिनीची गोष्ट, कारण या चौघांनीही तिला द्यायला हवी तितकी जागा दिलेली नाही.

नायगारा फॉल्स शहरात १८९० च्या दशकात विल्यम लव्ह नावाच्या गृहस्थांनी नायगारा नदीचा वरचा व खालचा प्रवाह कालव्याने जोडून वीज निर्माण करायची योजना आखली. आर्थिक मंदी आली, शिवाय प्रत्यावर्ती विद्युतधारेमुळे वीज दूर नेणे शक्य झाले आणि योजना बारगळली. मागे राहिला सुमारे ९०० मीटर लांबीचा एक खंदक. त्यात पाणी साचे, पोरे पोहत. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २१,८०० टन रासायनिक कचरा टाकला. नगरपालिकेचा कचराही तेथे पडे. कंपनीच्या कचऱ्यात सर्वांत मोठा वाटा होता बेंझीन हेक्झाक्लोराइडचा, म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ‘बीएचसी पावडर’ म्हणून अनेक वर्षे ठाऊक असलेल्या आणि भारतात १९९७ मध्ये बंदी आलेल्या कीटकनाशकाच्या उत्पादनातले टाकाऊ पदार्थ. त्याखेरीज क्लोरोबेंझीन होते, आणि सुमारे २०० टन ट्रायक्लोरोफेनॉलचा गाळ होता. ट्रायक्लोरोफेनॉल बनवताना डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य अल्प प्रमाणात आपोआप तयार होते, हे पुढे महत्त्वाचे ठरले.

खंदक ज्या जमिनीत होता ती खाली घट्ट चिकणमातीची होती. चिकणमातीतून पाणी फार सावकाश झिरपते, म्हणून कचरा पुरायला ती जागा चांगली, असा त्या काळचा हिशेब. तो अगदीच चुकीचा होता असे नाही. पण चिकणमातीच्या वर मीटर-दोन मीटर जाडीचा वाळूमिश्रित, सैल थर होता. शाळा बांधताना आणि रस्ते व गटारे काढताना खंदकावरचे मातीचे झाकण उकरले गेले. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी आत शिरू लागले. तळ आणि बाजू न पाझरणाऱ्या, म्हणजे आत आलेले पाणी खाली जाणार कोठे? न्हाणीघरातल्या टबासारखा खंदक काठोकाठ भरला आणि वरच्या सैल थरातून बाजूला सांडू लागला. १९७५-७६ च्या सुमारास पाऊस व बर्फ भरपूर झाले आणि घरांच्या तळघरांत काळपट, तेलकट पाणी दिसू लागले. तिकडच्या घरांना तळघर असते आणि त्यात पाणी उपसायचा एक खड्डा असतो. या खड्ड्यांतच रसायने पहिल्यांदा सापडली.

हा प्रयोग शिक्षकांना वर्गात सहज करता येईल. एका घमेल्यात ओल्या चिकणमातीचा जाड थर चोपून बसवावा, मधे चर पाडावा, चरात शाई घातलेली वाळू भरावी, वर सगळीकडे कोरड्या वाळूचा पातळ थर द्यावा आणि झारीने पाणी शिंपडत राहावे. पहिली काही मिनिटे काहीच होत नाही. मग एकदम शाई बाजूच्या वाळूत पसरू लागते. कचरा टाकणे १९५३ मध्ये थांबले, तर तक्रारींचा लोंढा १९७६ नंतर का आला, याचे उत्तर विद्यार्थ्यांना त्या ‘काहीच होत नाही’ मधून मिळते. मूळ लिखाणात लेव्हीनबाईंनी भूरचना काही परिच्छेदांत आटोपली आहे. झूस यांनी चिकणमातीचा उल्लेख केला आहे तो कंपनीने जागा काळजीपूर्वक निवडली होती हे सांगण्यापुरता.

झूस यांचा लेख आम्ही मुद्दाम यादीत घेतला, कारण चौकटीत कधीच न येणारी एक गोष्ट त्यात पुराव्यानिशी येते. १९५३ मध्ये कंपनीने ही जागा शहराच्या शिक्षण मंडळाला एक डॉलरला विकली आणि खरेदीखतातच लिहून दिले की येथे रासायनिक कचरा पुरलेला आहे व त्यामुळे काही इजा झाल्यास जबाबदारी कंपनीची नाही. मंडळाने ती अट मान्य करून शाळा बांधली. बांधकामात रसायनांचा खड्डा लागला तेव्हा इमारत थोडी बाजूला सरकवली, पण बांधली तेथेच. १९५७ मध्ये मंडळ काही जमीन घरबांधणीसाठी विकू पाहत होते, तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधींनी त्याला विरोध केल्याची नोंद आहे. म्हणजे ‘कंपनीने लपवले’ ही सोपी गोष्ट टिकत नाही. पण झूस येथे थांबत नाहीत, ते कंपनीला जवळजवळ निर्दोष ठरवतात, आणि तेथे लेख घसरतो. मुलांच्या शाळेसाठी दिल्या जाणाऱ्या जमिनीत काय पुरले आहे याचे सर्वांत नेमके ज्ञान कोणाकडे होते? कोणती रसायने, किती, त्यांचे गुणधर्म काय, हे खरेदीखतात नाही. ‘कचरा आहे’ असे सांगणे वेगळे आणि ‘यात हे आहे, ते त्वचेतून शरीरात शिरते’ असे सांगणे वेगळे. शिवाय खरेदीखत शिक्षण मंडळाच्या कपाटात होते. शेजारी घर घेणाऱ्या कुटुंबांनी ते वाचले नव्हते. पुढे १९९४ मध्ये न्यायालयाने या कंपनीवर दंडात्मक नुकसानभरपाई लादायला नकार दिला, पण सफाईच्या खर्चाची जबाबदारी आधीच तिच्यावर निश्चित झाली होती. हूकर विकत घेतलेल्या ऑक्सिडेंटल कंपनीने न्यूयॉर्क राज्याला १९९४ मध्ये ९.८ कोटी डॉलर आणि केंद्र सरकारला १९९५ मध्ये १२.९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. झूस यांचा लेख या निकालांपूर्वीचा, त्यामुळे ते त्यात नसणे हा त्यांचा दोष नव्हे. पण वाचताना आपल्याला ते माहीत असायला हवेत.

आता गिब्ज यांचे पुस्तक. १९७८ मध्ये ‘नायगारा गॅझेट’मधल्या मायकेल ब्राऊन यांच्या बातम्या वाचून या सत्तावीस वर्षांच्या गृहिणीला कळले की आपला मुलगा ज्या शाळेत जातो ती रासायनिक कचऱ्यावर उभी आहे. मुलाची शाळा बदलून द्या म्हणून त्या गेल्या, नकार मिळाला आणि त्या दारोदार फिरू लागल्या. ही हकीकत त्यांनी साध्या भाषेत, आव न आणता सांगितली आहे. पहिल्या दारावर टकटक करून कोणी उघडायच्या आत घरी पळून आल्याचेही त्या सांगतात. आम्हाला या पुस्तकाचा गाभा वाटला तो मात्र आंदोलनाचा भाग नव्हे. वस्तीच्या नकाशावर त्यांनी प्रत्येक आजाराला एक खूण ठरवली, कोठे चौकोन, कोठे त्रिकोण, आणि खुणा मांडल्यावर त्यांना दिसले की आजार वस्तीभर सारखे विखुरलेले नाहीत. ते काही ओळींत एकवटले आहेत. जुन्या रहिवाशांना विचारले तेव्हा कळले की त्या ओळींवर पूर्वी ओहोळ होते, घरे बांधताना ते बुजवले गेले. बुजवलेल्या ओहोळातली माती सैल, म्हणून पाणी तेथूनच वाहणार. बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेतल्या कर्करोग संशोधक बेव्हर्ली पेगन यांनी ही कल्पना उचलून ‘ओल्या’ आणि ‘कोरड्या’ घरांची तुलना केली. माहिती गोळा केली ती वस्तीतल्या बायकांनी, टेलिफोनवरून.

राज्याच्या आरोग्य खात्याने हे काम ‘निरुपयोगी गृहिणींची आकडेवारी’ म्हणून बाजूला सारले, असे गिब्ज सांगतात. तो अपमान पुस्तकभर ठसठसत राहतो आणि ते साहजिक आहे. समीक्षक म्हणून आम्हाला मात्र एक प्रश्न विचारणे भाग आहे : ती आकडेवारी कशी होती?

पुस्तकात आणि नंतरच्या असंख्य लेखांत येणारा एक आकडा घेऊ. १९७४ ते १९७८ या काळात जन्मलेल्या मुलांपैकी ५६ टक्क्यांमध्ये जन्मजात दोष होता. हा आकडा वाचून कोणाच्याही पोटात खड्डा पडेल. पण टक्का कशाचा? १६ पैकी ९ म्हणजेही ५६ टक्केच आणि १६०० पैकी ९०० म्हणजेही ५६ टक्केच. येथे जन्म मोजकेच होते. ‘दोष’ कशाला म्हणायचे हे आधी ठरवून सर्वांना सारखे लावले होते का? ज्यांच्या घरी आजारी मूल आहे ते फोनवर अधिक बोलतात, ज्यांच्याकडे सगळे ठीक आहे ते ‘नंतर करा’ म्हणतात, हा कल कसा वजा केला? गिब्ज या प्रश्नांना भिडत नाहीत. त्यांच्याकडून ती अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. पण त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलून चौकटीत छापणाऱ्या लेखकांकडून ती करायलाच हवी.

आता गंमत अशी, की १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात राज्याच्याच आरोग्य खात्यातील व्हियाना आणि पोलान यांचा शोधनिबंध आला. त्यांनी फोन वापरला नाही, जन्मनोंदी वापरल्या. त्यांना आढळले की १९४० ते १९५३ या काळात, म्हणजे प्रत्यक्ष कचरा टाकला जात असताना, बुजलेल्या ओहोळांच्या पट्ट्यात कमी वजनाची बालके लक्षणीय प्रमाणात अधिक जन्मली होती. नंतरच्या काळात तसा फरक दिसला नाही. म्हणजे बायकांची आकडेवारी कच्ची होती, पण त्यांचा प्रश्न पक्का होता. कोठे पाहायचे हे त्यांनी बरोबर ओळखले होते. गृहीतक सुचणे आणि गृहीतक तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिल्यासाठी पदवी लागत नाही, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. दुर्दैवाने हे १९८२ नंतरचे असल्याने गिब्ज यांच्या पहिल्या आवृत्तीत येणे शक्यच नव्हते.

थॉमस समितीचा अहवाल या सर्वांच्या उलट टोकाला आहे. लुईस थॉमस हे नामवंत वैद्यक आणि त्याहून नामवंत ललित निबंधकार. पाच वैद्यकतज्ज्ञांच्या या समितीने मे १९८० मधल्या गुणसूत्रांच्या चाचणीवर कठोर टीका केली, आणि ती योग्य होती. केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वस्तीतल्या ३६ जणांची गुणसूत्रे तपासून घेतली होती. ११ जणांत बिघाड आढळल्याचे १७ मे रोजी जाहीर झाले. पण त्याच वेळी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने, वस्तीबाहेरच्या लोकांची तपासणी झालेलीच नव्हती. नियंत्रण गटच नाही! धूम्रपान, क्ष-किरण, साधा विषाणुजन्य ताप यांनीही गुणसूत्रांत बदल दिसू शकतात. ११ हा आकडा मोठा की नेहमीचा, हे सांगायला मोजपट्टीच नव्हती. १९८४ मध्ये रोग नियंत्रण केंद्राने नियंत्रण गटासह केलेली पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात वस्तीतल्या लोकांत अधिक बिघाड आढळला नाही.

पण तो अपुरा निष्कर्ष जाहीर झाला आणि दोन दिवसांनी संतप्त रहिवाशांनी पर्यावरण संस्थेच्या दोन अधिकाऱ्यांना काही तास संघटनेच्या कार्यालयात अडवून ठेवले. २१ मे रोजी अध्यक्ष कार्टर यांनी दुसऱ्यांदा आणीबाणी जाहीर केली आणि सातशेच्या वर कुटुंबांना बाहेर पडण्याची सोय झाली. पहिल्या आणीबाणीत, ऑगस्ट १९७८ मध्ये, खंदकाला लागून असलेली २३९ कुटुंबे हलवली गेली होती. म्हणजे दुसरे, अधिक मोठे स्थलांतर एका सदोष प्रयोगाच्या धक्क्याने झाले. लेव्हीनबाईंनी हा घटनाक्रम दिवसागणिक, कागदपत्रांसह मांडला आहे आणि तो त्यांच्या पुस्तकाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे. नियंत्रण गटाचा प्रस्ताव होता, त्यासाठी पैसे मंजूर झाले नव्हते, हेही तेथे कळते. विज्ञानातल्या चुका नेहमी अज्ञानातून होतात असे नाही, काही अंदाजपत्रकातूनही होतात.

थॉमस समितीकडून मोठी चूक झाली ती पुढच्या पायरीवर, असे आम्हाला वाटते. पुरावा दुबळा आहे येथपर्यंत ती बरोबर होती. पण अहवाल वाचणाऱ्याच्या मनात जो ठसा राहतो तो ‘फारसे काही नव्हते’ असा. ‘अपाय दिसला नाही’ आणि ‘अपाय नाही’ यांतले अंतर किती, हे समजायला थोडे गणित पाहू.

समजा एखाद्या वस्तीत पाच वर्षांत १०० मुले जन्मली. सर्वसाधारणपणे १०० जन्मांत सुमारे ३ मुलांमध्ये काही मोठा जन्मदोष आढळतो असे धरू. आता समजा रसायनांमुळे धोका खरोखरच दुप्पट झाला आणि ६ मुलांमध्ये दोष आढळला. हे सिद्ध करता येईल का? सरासरी ३ असताना केवळ योगायोगाने ६ किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे ८ टक्के निघते. शास्त्रज्ञ साधारणतः ५ टक्क्यांहून कमी शक्यता असेल तरच फरक ‘लक्षणीय’ मानतात. म्हणजे धोका दुप्पट झालेला असूनही अहवालात वाक्य येणार : ‘लक्षणीय वाढ आढळली नाही’. वर्गात याचा खेळ करता येतो. १०० चिठ्ठ्यांपैकी ३ वर खूण करावी, एक चिठ्ठी काढून, पाहून, परत टाकावी, असे १०० वेळा करावे आणि खुणेच्या चिठ्ठ्या किती आल्या ते लिहावे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने हे केले तर तीन-चार जणांना सहा किंवा अधिक मिळण्याची अपेक्षा धरावी. ज्यांना मिळतील त्यांच्या चिठ्ठ्यांत कोणी विष कालवलेले नसते! आणि उलटही खरे : खरोखर विष असते तेव्हाही लहान वस्तीतली मोजणी ते पकडू शकत नाही.

याचा अर्थ, काही शे घरांच्या वस्तीत आजार मोजून निर्णय घ्यायचा असे ठरवले की निर्णय जवळजवळ कधीच होणार नाही. आणि येथेच आम्हाला चारही दस्तऐवजांबद्दल एकच तक्रार आहे. चौघेही भांडतात ते आजारांवरून. गिब्ज म्हणतात आजार होते, थॉमस म्हणतात सिद्ध नाहीत, झूस म्हणतात गाजावाजा झाला, लेव्हीन म्हणतात सिद्ध करू दिले गेले नाहीत. पण संपर्काचा पुरावा याहून कितीतरी भक्कम होता. तळघरांतल्या हवेत बेंझीन, क्लोरोफॉर्म, क्लोरोटोल्युइन ही द्रव्ये मोजली गेली होती. ती कोठून आली हे ठाऊक होते. त्यांतली काही कर्करोगकारक असल्याचे किंवा यकृताला बाधक असल्याचे कामगारांवरच्या व प्राण्यांवरच्या अभ्यासांतून माहीत होते. गटारांच्या गाळात आणि जवळच्या ओढ्यात डायॉक्सिन सापडले. घराच्या आत, रोजच्या श्वासात ही द्रव्ये येतात आणि त्यांचा उगम बंद झालेला नाही, एवढे कळल्यावर माणसांना बाहेर काढायला आजाऱ्यांची मोजदाद कशाला हवी? गळणाऱ्या गॅसच्या वासावरून आपण खिडकी उघडतो, कोण बेशुद्ध पडते याची वाट पाहत नाही. २ ऑगस्ट १९७८ च्या आदेशात राज्याचे आरोग्य आयुक्त व्हेलन यांनी गर्भवती स्त्रिया आणि दोन वर्षांखालील मुले यांना बाहेर पडण्याची शिफारस केली, तेव्हा या विचाराचा धागा हाती होता. नंतरच्या दोन वर्षांत तो सुटला. प्रत्येक पुढच्या घराने ‘आम्ही आजारी आहोत’ हे दाखवायचे आणि खात्याने ‘तुम्ही पुरेसे आजारी नाही’ असे उत्तर द्यायचे, असा तमाशा झाला.

नंतर सहा हजारांहून अधिक माजी रहिवाशांचा कित्येक वर्षे मागोवा घेतला गेला. कर्करोगाचे एकूण प्रमाण राज्याच्या इतर भागांहून वाढलेले आढळले नाही. हे वाचून ‘मग एवढा खटाटोप कशाला?’ असे म्हणणारे भेटतात. पण हे लोक वेळेवर हलवले गेले होते. लस टोचलेल्या मुलाला गोवर झाला नाही म्हणून लस वाया गेली असे आपण म्हणतो का? अर्थात हा युक्तिवादही जपून वापरायला हवा, कारण स्थलांतर झाले नसते तर काय झाले असते हे कोणीच मोजलेले नाही.

सफाईविषयी. येथे चौकटीतले शेवटचे वाक्य साफ चुकते. २१,८०० टनांचा तो कचरा बाहेर काढलाच नाही, तो आजही तेथेच आहे. खंदकाभोवती खोल चर खणून त्यात सच्छिद्र नळ घातले, त्यांतून पाझरणारे दूषित पाणी गोळा करून उपसले जाते आणि सक्रिय कोळशातून गाळले जाते. वर चिकणमातीचे व प्लॅस्टिकच्या जाड पत्र्याचे सुमारे ४० एकरांचे झाकण आहे, भोवती कुंपण आहे. आतली घरे १९८२ मध्ये पाडून तेथेच पुरली. डिसेंबर १९८० मध्ये, मुख्यतः या प्रकरणामुळे, ‘सुपरफंड’ कायदा झाला. २००४ मध्ये ही जागा सुपरफंडाच्या यादीतून वगळण्यात आली. पण यादीतून वगळणे म्हणजे पंप बंद करणे नव्हे. पंप चालूच ठेवावा लागतो, आणि ‘किती वर्षे’ याला रसायनशास्त्राकडे सोयीचे उत्तर नाही. क्लोरीनयुक्त संयुगे सहजी कुजत नाहीत.

हे तंत्र वाईट आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. उकरून काढणे किती जिकिरीचे असते ते स्वित्झर्लंडमधील कॉलिकेनने दाखवले. १९७८ मध्ये सुरू होऊन १९८५ मध्ये बंद झालेली ती घातक कचऱ्याची खाण पुढे बंदिस्त मंडपाखाली, हवेचा दाब बाहेरच्याहून कमी ठेवून, सहा लाख टनांहून अधिक माल उकरत रिकामी केली गेली. २०१५ च्या सुमारास उकरणे संपले, खर्च सुमारे ९० कोटी स्विस फ्रँक. पण तेथे गोष्ट ‘काढले’ अशी सांगता येते, लव्ह कॅनालला ‘कोंडले’ अशीच सांगायला हवी. भोपाळचेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडच्या आवारातून पीथमपूरला नेऊन पुढे जाळला गेला तो ३३७ टन कचरा कारखान्यात साठवून ठेवलेला होता. आवारात पुरलेल्या व बाष्पीभवन तळ्यांतून जमिनीत मुरलेल्या रसायनांचा प्रश्न त्याने सुटला नाही. ‘भोपाळचा कचरा हलवला’ हा मथळा वाचून विद्यार्थ्यांनी ‘कोणता?’ असे विचारले पाहिजे.

आणखी एक शब्द तपासण्यासारखा आहे : ‘राहण्यायोग्य’. १९८८ मध्ये राज्याचे आरोग्य आयुक्त ॲक्सलरॉड यांनी रिकाम्या झालेल्या परिसराच्या सात भागांपैकी चार राहण्यायोग्य ठरवले आणि १९९० पासून दुरुस्त केलेली घरे नव्याने, बाजारभावाहून कमी दराने विकली गेली. परिसराला नावही नवे मिळाले, ब्लॅक क्रीक व्हिलेज. निर्णयाची कसोटी ‘येथे धोका नाही’ ही नव्हती. ‘आसपासच्या इतर वस्त्यांपेक्षा येथे रसायने अधिक नाहीत’ ही होती. नायगारा फॉल्समध्ये याच कंपनीच्या कचऱ्याच्या आणखी मोठमोठ्या जागा आहेत, त्यांतली हाइड पार्कची जागा लव्ह कॅनालच्या कित्येक पट. अशा शहरातली शेजारची वस्ती ही मोजपट्टी म्हणून कितपत सरळ आहे? त्याआधी १९८२ मध्ये पर्यावरण संस्थेने हजारो नमुन्यांवरून परिसर इतर वस्त्यांसारखाच असल्याचे म्हटले होते, तेव्हा अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने १९८३ मध्ये त्यावर आक्षेप घेतले. तुलनेचे नमुने थोडे होते, आणि पुष्कळ नमुन्यांत ‘आढळले नाही’ अशी नोंद होती. ‘आढळले नाही’ हे उपकरणाच्या क्षमतेवर अवलंबून असते. भाजीच्या तराजूवर अंगठीतला खडा ठेवला तर काटा हलत नाही, म्हणून खड्याला वजन नाही असे होत नाही.

पुस्तकांकडे परत येऊ. शाळेच्या ग्रंथालयात एकच घ्यायचे तर आम्ही गिब्ज यांचे घेऊ. १९९८ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. त्यातले नकाशाचे प्रकरण नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या मदतीने वाचता येईल, आणि आकडेवारीची पाने वाचताना ‘किती पैकी?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा. लेव्हीनबाईंचे पुस्तक शिक्षकांसाठी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी. ते संथ आहे, नावांची व तारखांची गर्दी फार आहे, आणि कोणतीही शास्त्रीय शंका ही राजकीय सबबच असावी असा सूर मधून मधून लागतो. पण तज्ज्ञांच्या समितीतल्या सदस्यांची नावेसुद्धा गुप्त ठेवून आरोग्य खात्याने कसे निर्णय केले, याचा इतका बारकाईने घेतलेला शोध अन्यत्र सापडणार नाही. झूस यांचा लेख गिब्ज यांच्यानंतर लगेच वाचावा, आधी नव्हे. आणि थॉमस समितीचा अहवाल वाचताना शेजारी त्या १०० चिठ्ठ्यांची पिशवी असू द्यावी.